साडूभाऊंचा गॉगल

माझ्या थोरल्या साडूंइतका डोळ्यांना जपणारा माणूस सातारा-सांगली पट्ट्यात दुसरा सापडला, तर मी मिशा उतरवून देईन. सांगलीजवळ त्यांचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, उसाच्या ट्रॉल्या असली कामं. आम्ही साताऱ्याहून गेलो की चहाच्या आधी हातात गॉगल येतो. त्यांच्या घरी मेहुणी फोडणी देते ती गॉगल लावून, आणि मी साधा खिळा ठोकायला उठलो तरी गॉगल लावून. शेजाऱ्याच्या भूमिपूजनाला गुरुजींनी नारळ उचलला, तर हे गर्दीतून ओरडले, "आवं गुरुजी, थांबा! आदी ह्यो घाला. करवंटीच्या चिपेला द्येव कळत न्हाई!" बिचाऱ्यांनी उरलेले मंत्र गॉगलातूनच म्हटले. एकदा वैतागून मी तो कपाळावर सरकवला, तर लगेच, "पावनं, ठिणगी कपाळाला इचारून येत न्हाई."

खोटं कशाला बोलू, हेच गृहस्थ चार वर्षांपूर्वी उघड्या डोळ्यांनी ग्राइंडर चालवायचे. मीच हट्टानं त्यांना चांगला गॉगल आणून दिला. नेमकी खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेत ग्राइंडर, ड्रिल, पाने यांच्याबरोबर तोही पाटावर बसला, आणि मेहुणीनं दोन्ही काचांवर हळदीकुंकवाची बोटं टेकवली. ग्राइंडर दुसऱ्या दिवशी कामाला लागला. गॉगल मात्र देवाचा झाला. "लय भारी हाय, उगं चरे पडत्याल," म्हणत साडूभाऊंनी तो देवाच्या फोटोखाली लटकवला. तो खिळाही मीच ठोकला होता, हे मला अजून खातं. पंधरा दिवसांत ग्राइंडरची चकती फुटली आणि तुकडा डाव्या डोळ्यात गेला. मिरजेच्या दवाखान्यात आम्ही दिवसभर बसलो, पण डोळा वाचला नाही. परत आलो तेव्हा गॉगल कुंकवासकट तिथंच होता.

यंदाच्या खंडेनवमीला मेहुणीनं सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं आणि गॉगलसाठी हात पुढे केला. साडूभाऊ तो डोळ्यांवर चढवून स्वतःच पाटावर जाऊन बसले. "हितंच पूज. काचंला बोट लावू नगंस." तिनं मागून पट्ट्याला कुंकू लावलं, गॉगलला आणि नवऱ्याला दोघांनाही ओवाळलं. ओवाळता ओवाळता काचा आतून धुरकट झाल्या.

मी म्हटलं, "काढून पुसा की हो."

"न्हाई पावनं," ते हळूच म्हणाले. "एकच ऱ्हायलाय."

मग मीही मुकाट्यानं माझा गॉगल चढवला. काम तसं काहीच नव्हतं.