लाँगप्लेची दुसरी बाजू

तो सिनेमा अकोल्यात जेमतेम आठवडाभर टिकला. गोष्ट अगदी टुकार होती. पण त्यातली बाई रिकाम्या घरात भांडी आवरताना एक गाणं म्हणते, ते सुरू झालं आणि मी खुर्चीत पुढे सरकले. नेमके तेव्हाच मागचे लोक चहाला उठले. दारं आपटली, कोणीतरी शिट्टी मारली. दुसरं कडवं मला ऐकूच आलं नाही.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. रेडिओवर ते गाणं लागायचं, पण कधी मी शाळेत असताना, कधी खरखरीत बुडून. मग एक दिवस दुकानात त्या सिनेमाची सगळी गाणी एकाच लाँगप्ले तबकडीवर आलेली दिसली.

"बाई, तुमच्याकडे चावीचा फोनो ना? त्याच्यावर हे नाही वाजनार," दुकानदार म्हणाला. "सुई हिचा भुगा करून टाकीन."

तरी घेतली.

"वाजत नाही त आनली काहून?" आईनं विचारलं.

अमरावतीला आत्याकडे रेडिओग्राम होता; त्यावर लाँगप्लेही वाजायची. 'सुट्टीत नक्की ये' असं तिचं पत्रही आलं होतं. मे महिन्यात तबकडी छातीशी धरून मी एसटीनं गेले. आत्याच्या यजमानांनी हौसेनं पहिली बाजू लावली. माझं गाणं दुसऱ्या बाजूचं पहिलंच होतं. तबकडी उलटवायला मी हात पुढे केला, तेवढ्यात आत्या आतून आली.

"आता बंद कर वं ते. लुगडं बदल. पाहुने येऊन राहिले."

"कोनते पाहुने?"

"तुले पाहाले."

तिनं आग्रहानं का बोलावलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मंडळी आली, बसली. मुलाच्या वडिलांना तबकडीचं पाकीट दिसलं.

"पोरीले गान्याचा शौक दिसते. म्हन बरं याच्यातलं एखादं."

"मले म्हनता येत नाही. ऐकता येते," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. पोहे खाऊन मंडळी निघून गेली. आत्या माझ्याशी धड बोलेना, आणि रेडिओग्रामला हात लावायची माझी हिंमत होईना. दुसऱ्या दिवशी निघताना ती एवढंच म्हणाली, "चांगलं स्थळ घालवलं तुया त्या गान्यानं."

परतताना मूर्तिजापूरला गाडी बंद पडली. आम्ही सगळे उतरून लिंबाच्या सावलीत बसलो. तबकडी मी रागाच्या भरात खिडकीजवळच्या सीटवरच टाकून आले होते. तासाभरानं पुन्हा चढले, तर पाकिटाचा हाताला चटका बसला. घरी येऊन पाहते, तर तबकडीची कड पापडासारखी वर उचललेली. पंधरा दिवस पाट्याखाली दाबून ठेवली. काही उपयोग झाला नाही. राग आत्यावर होता, गाडीवर होता; पण तबकडी उन्हात टाकली होती मीच.

दुसरी मिळेल म्हणून दुकानात गेले.

"तो पिक्चर चाललाच नाही, बाई. आता कुठची येते दुसरी?"

पुढे दोनेक वर्षांनी मी स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर घेतला. मध्याकडची गाणी नीट वाजली. शाळेतल्या बायका दुपारी येऊन ऐकायच्या. "सिनेमा कोनाले आठवत नाही, पन गानी काय आहेत!" म्हणायच्या. मी नुसती मान हलवायची. माझं गाणं पहिलं, म्हणून अगदी कडेवर होतं आणि तिथं सुई टिकतच नव्हती. उडून थेट तिसऱ्या गाण्यात पडायची.

एका मैत्रिणीनं सुचवलं म्हणून सुईच्या दांडीवर तांब्याचा जुना पैसा ठेवला. सुई टिकली. गाणं पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या कडव्यात वाद्यं थांबतात आणि ती एकटीच गाते, हे मला तोवर माहीतही नव्हतं. पण तिचा आवाज हेलकावे खात होता, मध्येच जाड होत होता. इतक्या वर्षांनी मिळालं ते असं. मला रडू आलं, ते गाण्यामुळे की चिडीमुळे, कोण जाणे.

सुई उचलून मी परत कडेवर ठेवली.