बर्फ किती वेळ बाहेर ठेवायचा

प्रणवनं देवासला इन्सुलिनसारखी थंड ठेवावी लागणारी औषधं घरपोच पाठवायची कंपनी काढली, तेव्हा त्यानं पहिली नोकरी दिली ती नीरजाला. पॅकिंग, गाडीवाले, तक्रारी, सगळं तीच बघायची. पुढे धार, राजगढपर्यंत गिऱ्हाईक झालं, माणसं वाढली. तरी काही अडलं की सगळे म्हणत, "नीरजाताईंना विचारा." तिलाही ते आवडायचं.

"हे एकदा लिहून ठेवायला हवं," असं ती अधूनमधून म्हणे.

"लिहूया ना. एवढा महिना जाऊ दे," प्रणव म्हणे. असे कितीतरी महिने गेले.

उन्हाळ्यात धारला तिच्या वडिलांना, भाऊंना, अर्धांगवायूचा झटका आला. ती हातातलं काम टाकून निघाली. त्याच आठवड्यात पॅकिंगला अमन नवा लागला. त्यानं फ्रीझरमधले बर्फाचे पॅक काढले आणि थेट इन्सुलिनला टेकवून खोकी बंद केली. पॅक आधी बाहेर ठेवायचे, मध्ये पुठ्ठा घालायचा, नाहीतर इन्सुलिन गोठून निकामी होतं, हे नीरजा प्रत्येक नव्या माणसाला तोंडी सांगायची. या वेळी सांगायला ती तिथे नव्हती.

राजगढचे बळवंतराव, निवृत्त शिक्षक, तेच इन्सुलिन टोचून घेत राहिले. पोचेपर्यंत ते वितळलं होतं, दिसायला नेहमीसारखंच. साखर भडकली आणि ते बेशुद्ध पडले. जीव वाचला, पण उठून चालायला लागले ते आधारानंच.

नीरजा परतली तोवर अमनला काढून टाकलं होतं.

"त्याला सांगितलं कोणी होतं?" तिनं विचारलं.

"ताई, कुणावर तरी कारवाई दाखवावी लागते," प्रणव खाली बघत म्हणाला.

ती राजगढला जाऊन आली. बळवंतरावांच्या सूनबाईंनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "आता तुमच्याकडून काही नको." परतीच्या बसमध्ये तिला रडूही येईना.

मग ती लिहायला बसली. पॅकिंगची पोरं हिंदी वाचणारी, म्हणून हिंदीत. तिला वेळ मिळावा म्हणून प्रणवनं तिची बाकीची कामं दुसऱ्यांकडे दिली. लिहिताना तिच्या लक्षात आलं, एकच काम तिघं तीन तऱ्हांनी करत होते, आणि प्रत्येकाला वाटे, ताईंनी असंच शिकवलंय.

लिहिलेलं घेऊन ती अमनकडे गेली. तो आता मोबाइलच्या दुकानात होता.

"जरा पढ़ के बता, कहाँ समझ में नहीं आता."

त्यानं वाचलं. "दीदी, 'थोड़ी देर बाहर रखें' लिखा है. थोड़ी मतलब कितनी?"

"जब तक हिलाने पर अंदर पानी की आवाज़ न आए."

"तो यही लिखो ना."

तिनं काउंटरवरच ते खोडून नीट लिहिलं. मग म्हणाली, "वापस आ जा. मैं प्रणव से बात करूँगी."

अमननं मान हलवली. "नहीं दीदी. कल फिर कुछ हुआ तो फिर मेरा ही नाम आएगा."

तिनं कागद गोळा करून पिशवीत ठेवले. बाहेर रस्त्यावर ती बराच वेळ रिक्षा न थांबवता उभी राहिली.

आता पॅकिंगची नवी माणसं ते कागद वाचूनच कामाला लागतात. तिला फोन कमी येतात. तरीही राजगढचं खोकं निघालं की ती जाऊन स्वतः उघडून बघते.