अर्डिसबाईंनी आणलेलं विरोधी मत

अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य म्हणजे कुंपणावर बसलेलं मांजर. कधी या अंगणात उडी मारेल आणि कधी त्या, ते त्यालाही ठाऊक नसतं. देशाचा राष्ट्राध्यक्ष कोण होणार हे दर खेपेला असल्याच पाच-सात मांजरांवर ठरतं, आणि म्हणून सगळा देश वाट्या घेऊन त्यांना दूध पाजायला धावतो. त्या साली तर मका उभा होता तेव्हापासूनच हेगन रिज या टेकडीवरच्या गावात पत्रकांचा पाऊस सुरू झाला होता. अर्डिस टोलेफसनबाई त्या गुळगुळीत पत्रकांवर बटाटे सोलायच्या. एका बाजूला लाल पक्षाचा उमेदवार हसतोय, दुसऱ्या बाजूला निळ्या पक्षाचा, आणि दोघांच्या दातांवर बटाट्याची सालं.

अर्डिसबाई स्वतः निळ्यांच्या. पण त्यांची ओळख ती नव्हे. त्यांची ओळख म्हणजे शाळेची पिवळी बस. टेकडीवरच्या दोन पिढ्या त्यांनी थंडी-बर्फातून शाळेत पोचवल्या. आज गावात पुढारी म्हणून मिरवणाऱ्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी च्युइंगगम थुंकायला लावलं होतं, त्यामुळे त्यांच्यासमोर कुणी फार ऐट करत नसे. निवृत्त झाल्यावर बस गेली, सवय राहिली. कुणी रस्त्याच्या कडेला उभं दिसलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. मतदानाच्या दिवशी तर त्यांच्या अंगातच येई. आपल्या चिमुकल्या दोनदारी गाडीतून त्या सकाळपासून माणसं वाहायच्या: कुणाची गाडी बंद, कुणाचा डोळा अधू, कुणी नुसतंच आळशी. आळशांना त्या आधी हॉर्न द्यायच्या आणि मग नावानं हाका मारायच्या. दुसऱ्या हाकेला माणूस पायजम्यावर का होईना, बाहेर येई.

आणि तरीही त्या दिवशी दुपार कलेपर्यंत अर्डिसबाईंनी स्वतःचं मत दिलं नव्हतं.

कारण डेल्मर. डेल्मर ग्रुन्के हा त्यांचा कुंपणाला कुंपण लागून असलेला शेजारी, आणि लालांचा असा कट्टर की त्याच्या कोंबड्यालाही त्याच रंगाचा तुरा असल्याचा त्याला अभिमान. फार वर्षांपूर्वी अशाच एका मतदानाच्या दिवशी गारठ्यानं रस्त्याची काच झाली होती. तेव्हा डेल्मर कुंपणाशी येऊन म्हणाला होता, "अर्डिस, तू निळ्यांना देणार, मी लालांना. तुझं-माझं फिटलं. मग दोघांनी घसरून हाडं कशाला मोडायची?"

बाईंना ते पटलं. "पण मी घरात शिरल्यावर तू गुपचूप जाशील."

"हात देतो. गेलो तर दोघं, नाहीतर कुणीच नाही."

कुंपणावरून हातात हात दिला गेला. अर्डिसबाईंचा नवरा व्हर्लिन तेव्हा हयात होता. तो म्हणाला, "लग्नातसुद्धा तू इतक्या जोरात हात धरला नव्हतास माझा."

तेव्हापासून दर निवडणुकीला दोघं एकत्र जात. एकदा त्याची गाडी, एकदा हिची. वाटेत राजकारणाचा ब्र काढायचा नाही. दुधाचा भाव, गुडघे आणि हरणं एवढ्यावरच बोलायचं. मत देऊन झालं की पंचायतीच्या हॉलमध्ये चर्चच्या बायका पाय, म्हणजे सारण भरून भाजलेले गोड पदार्थ, विकत बसलेल्या असत. सफरचंदाचा, भोपळ्याचा. एकेक तुकडा खाऊन पुन्हा भांडायला मोकळे.

यंदा गंमत अशी झाली की चार दिवसांपूर्वी डेल्मर गवताच्या माळ्यावरून खाली आला, आणि शिडीनं आला नाही. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून त्याला खालच्या गावातल्या शुश्रूषागृहात ठेवलं होतं. तिथूनच मत पाठवायची सोय होती, पण म्हातारा हटून बसला. म्हणे, मत म्हणजे काय वाणसामान आहे, कुणाकरवी धाडायला?

दुपारी अर्डिसबाईंनी त्याला फोन लावला.

"जा तू," डेल्मर म्हणाला. "मी तुला वचनातून सोडली."

"मी सोडायला सांगितलं होतं का?"

"यंदा काट्याची टक्कर आहे म्हणतात. एकेक मत मोलाचं. दे जाऊन. मी इथं जेली खात पडलोय, माझी काळजी नको."

म्हाताऱ्याचा आवाज असा पडला होता की अर्डिसबाईंना त्यांच्या बसमधला सगळ्यात मागच्या बाकावरचा, सहलीला न नेलेला पोरगा आठवला. त्यांनी फोन ठेवला आणि थेट डॉक्टरांना गाठलं.

डॉक्टर म्हणजे लिओनार्ड साबो, शिकागोचे निवृत्त दंतवैद्य. त्यांच्या राज्याचा निकाल आधीच ठरलेला. तिथं मत दिलं काय नि न दिलं काय. म्हणून शेजारच्या राज्यात येऊन ते महिनाभर निळ्यांसाठी दारं ठोठावत होते. त्यांच्याकडे मागची बाकं काढलेली एक लांबलचक व्हॅन होती, आणि तिच्या चारी अंगांना निळ्या उमेदवाराची पोस्टरं. दात बसवावेत तशी पक्की बसवलेली.

"डॉक्टर, तुमची व्हॅन हवी. एक मतदार आणायचाय. त्याचा पाय वाकत नाही, माझ्या गाडीत मावत नाही."

"आणू की. त्यासाठीच तर आलोय." डॉक्टरांनी किल्ली काढली. "आपला पक्का ना?"

"लालांचा पक्का."

डॉक्टरांनी किल्ली परत खिशात घातली. "अर्डिस, शुद्धीवर आहात ना? मी महिनाभर कुत्री अंगावर घेतली ती विरोधकांची मतं वाहायला?"

"तो नाही तर मी नाही. हात दिलाय."

"म्हणजे दोघं गेलात तरी बरोबरी, दोघं घरी बसलात तरी बरोबरी. मग पेट्रोल कशाला जाळायचं?"

"तुम्ही दातांचे डॉक्टर ना? नुसत्या वरच्या दातांनी कुणी चावतं का?"

डॉक्टरांचा हात पुन्हा खिशाकडे गेला. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांना एवढं सोपं कुणी समजावलं नसावं.

"आणि हे बघा," बाई म्हणाल्या, "आठला दारं बंद होतात. विचार करायचा तर गाडी चालवता चालवता करा."

शुश्रूषागृहाच्या दारात चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या डेल्मरनं ती व्हॅन पाहिली आणि त्याचा चेहरा त्याच्या पक्षाच्या रंगाचा झाला.

"यात? मी? मेल्यावर ने यातून. जिवंतपणी नाही."

"मेल्यावर मत देता येत नाही, डेल्मर."

"लोक बघतील."

"मग डोळे मिट."

"मी डोळे मिटल्यावर लोकांना दिसत नाही, असं तुला कुणी शिकवलं?"

"बसमध्ये चढणाऱ्यानं ड्रायव्हरशी वाद घालायचा नाही. पाय आधी आत. ओळख दाखवायला लायसन्स घेतलंस?"

"मी काय पहिल्यांदा मत देतोय?" म्हणत म्हातारा दोन नर्सच्या आधारानं आडवा आत सरकला. पाय मोडला होता, पण म्हातारा वाकला नव्हता, आणि पायही नाही. तो तोफेसारखा पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधून बाहेर आला. डॉक्टर गिअर टाकायला गेले की कोपर प्लास्टरला लागे. दर वेळी "माफ करा" म्हणत, आणि दर वेळी डेल्मर म्हणे, "निळ्यांना माफी नाही."

टेकडी चढताना वाटेत ग्रुन्केच्या दोस्तांचा गुत्ता लागतो. दोस्त नेमके बाहेर उभे. व्हॅन पाहून त्यांनी नेहमीप्रमाणे नाकं मुरडली, आणि मग काचेतून त्यांना डेल्मर दिसला. एकाच्या हातातला सॉसेज खाली पडला. डेल्मरनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि हॉल येईपर्यंत तो घोंगडीतूनच बोलला. रेडिओ सांगत होता की राज्यभर रांगा हटत नाहीयेत, इतका टक्का कुणी पाहिला नव्हता, आणि दोन्ही बाजू केसाच्या अंतरावर आहेत. बाजूच्या खुर्चीत बसूनही अर्डिसबाईंचा पाय वेग वाढवावा तसा जमिनीवर दाबला जात होता. "जोरात घ्या हो डॉक्टर, गाय ओलांडतेय का रस्ता?"

हॉल दिसला. दिवे लागलेले, रांग दाराबाहेर आलेली, टेकडीवरचा वारा मोकाट. पायानं आत येऊ न शकणाऱ्याचं मत गाडीतच घ्यायची या राज्यात रीत आहे. गाडी दाराशी लावायची, दोन कर्मचारी मतपत्रिका घेऊन बाहेर येतात. डॉक्टर गाडी थेट दाराकडे घेऊ लागले, तोच केंद्रप्रमुख मार्व्हा लुंड दोन्ही हात पसरून आडवी आली. मार्व्हा आधी अर्डिसबाईंच्या बसमधली, तिसऱ्या बाकावरची, त्या काळातली चोंबडी.

"मागं घ्या. दारापासून शंभर फुटांत प्रचार चालत नाही. बंपरवरचा स्टिकर चालतो. ही अख्खी गाडीच पोस्टर आहे."

"मार्व्हा, आत मतदार आहे."

"मतदार या, प्रचार नका आणू."

"मतदाराला पाय नाहीये गं."

"पाय आहे, मला इथून दिसतोय," मार्व्हा म्हणाली. पण तिचंही तोंड उतरलं होतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनीच पाहिलं.

डॉक्टर उतरून नखांनी पोस्टर खरवडायला लागले. एक कोपरासुद्धा सुटेना. उमेदवार तसाच हसत होता. "काय लावलंय हो याला?" अर्डिसबाईंनी विचारलं.

"कवळीचा गोंद," डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले.

आतून घोंगडी म्हणाली, "अर्डिस, झालं एवढं पुरे. तू जा, रांगेत लाग. खरंच सोडली म्हणतो ना."

अर्डिसबाईंनी रांगेकडे पाहिलं. रांग त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. त्यांनी फक्त चालत जाऊन उभं राहायचं होतं. महिनाभर ज्या एका मतासाठी रात्रीची झोप उडाली होती, ते त्यांचं स्वतःचं मत तिथं वाट बघत होतं. त्या चालायला लागल्याही. डॉक्टरांना हायसं वाटलं. पण बाई रांग ओलांडून सरळ पाय विकणाऱ्या बायकांच्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, "उचला ते भोपळे. टेबलक्लॉथ हवेत. सगळे."

चर्चच्या बायकांत लालही होत्या, निळ्याही होत्या; पण त्यांतली प्रत्येक बाई पोरांच्या निमित्तानं कधी ना कधी अर्डिसबाईंचा आवाज ऐकून होती. क्षणात टेबलं उघडी पडली. चौकटीचे, फुलाफुलांचे, क्रोशाच्या किनारीचे टेबलक्लॉथ व्हॅनवर चढले. वाऱ्यानं ते लगेच पतंगासारखे उडायला लागले. तेव्हा रांगेतून एक आडदांड शेतकरी बाहेर आला. जाताना मागच्याला म्हणाला, "माझी जागा धर," आणि त्यानं एक टोक पकडलं. मग दुसरं टोक दुसऱ्यानं. गुत्त्यावरचे दोस्तही पाठोपाठ येऊन ठेपले होते. एकानं आपली हरणाच्या शिकारीची नारिंगी ताडपत्री काढून टपावर टाकली. निळे-लाल सगळे व्हॅनभोवती कडं करून, हाताच्या मुठीत कापडं घट्ट धरून उभे, आणि मधोमध ती गाडी वरातीतल्या नवरीसारखी झाकून हळूहळू दाराकडे सरकतेय. डॉक्टरांना समोरचं काही दिसत नव्हतं. अर्डिसबाई पुढं उलट्या पावलांनी चालत हात हलवून रस्ता दाखवत होत्या. "डावं. डावं म्हणजे तुमचं डावं. आता सरळ. थांबा."

मार्व्हानं गाडीभोवती एक फेरी मारली. कुठं दात दिसतोय का, ते पाहिलं. मागच्या चाकाशी उमेदवाराचा एक कान दिसत होता. तिनं तो स्वतःच्या स्कार्फनं झाकला आणि म्हणाली, "आता चालेल."

मतपत्रिका आत गेली. टेबलक्लॉथच्या फटीतून घोंगडीच्या आत, मागोमाग पेन. थोड्या वेळानं घडी घातलेला कागद बाहेर आला. मार्व्हा तो दोन्ही हातांनी धरून हॉलमध्ये गेली, तिच्यामागून अर्डिसबाई. आणि रीतीप्रमाणे मार्व्हानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं:

"डेल्मर ग्रुन्के हे शारीरिक अडचणीमुळे आत येऊ शकत नाहीत. त्यांचं हे मत स्वीकारायला कुणाचा आक्षेप आहे?"

हे वाक्य दर निवडणुकीला म्हटलं जातं आणि कुणी मान वर करून ऐकत नाही. त्या दिवशी मात्र अख्खा हॉल अर्डिसबाईंकडे बघायला लागला. मार्व्हासुद्धा.

डेल्मरबद्दल बाईंच्या आक्षेपांची काही कमी नव्हती. त्याचा पहाटेचा कोंबडा होता. कुंपण ओलांडणाऱ्या त्याच्या गाई होत्या. त्याची अक्कल होती. आणि हा कागद यंत्रात गेला की आपल्या माणसाच्या विरोधात एक मत पडणार, आपण स्वतः हातानं ओढून आणलेलं, हेही होतं.

"मताला नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचे सांगू का?"

"बाकीचे नकोत," मार्व्हा म्हणाली, आणि कागद यंत्रात सरकला. यंत्रानं गुरगुर केली आणि गिळला.

दार बंद व्हायच्या आत रांगेच्या शेपटाशी अर्डिसबाई उभ्या होत्या. त्यांच्या पुढं सगळी टेबलक्लॉथ सोडून परत आलेली माणसं. कुणी म्हणालं, "तुम्ही पुढं या, बाई." त्या म्हणाल्या, "बसमध्ये मागून पुढं येणाऱ्यांना मी काय करायची, आठवतं ना?" त्यांचा नंबर आला. त्यांनी मतपत्रिकेवरचा गोल भरला, नेहमीपेक्षा जरा जास्तच दाबून.

बाहेर येताना त्यांच्या हातात सफरचंदाच्या पायचे तीन तुकडे होते. डॉक्टर चाकावर डोकं टेकून बसले होते. डेल्मरनं घोंगडीतून तोंड काढलं.

"पडलं?"

"पडलं."

"वाया घालवलंस."

"तुझ्याइतकंच."

तिघं खाऊ लागले. रेडिओवर मोजणी सुरू झाल्याचं सांगत होते. दोन्ही बाजू पुढं, दोन्ही बाजू मागं, मांजर अजून कुंपणावरच. बाहेर चर्चच्या बायका दारांत अडकवलेले टेबलक्लॉथ मागत काचेवर टकटक करत होत्या. अर्डिसबाईंना अजून धाप लागत होती, आणि बसचा पहिला दिवस असावा तशा त्या उगाचच हसत होत्या.

"पुढल्या खेपेला तुझी गाडी आण," डेल्मर बोटं चाटत म्हणाला. "ही नको."

"चार वर्षांनी? तू असशील का तोवर?"

"नसलो तर तू घरी बसायचं. हात दिलायस."

अर्डिसबाईंचा घास तोंडातच राहिला. याचा हिशेब त्यांनी कधी केलाच नव्हता. डॉक्टरांनीही मान वळवून पाहिलं.

"म्हणून सांगते," बाई शेवटी म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या तुकड्यातला मोठा भाग तोडून त्याच्या पानावर टाकला, "त्या माळ्यावर परत चढू नकोस."