देवाला त्याचं नुकसान दाखवणारी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मिरजेच्या दवाखान्यात आईचं ऑपरेशन चाललं होतं आणि मी व्हरांड्यात हात जोडून बसलो होतो. शेजारी आटपाडीकडची एक ख्रिस्ती बाई शेंगा फोडत बसली होती. तिचा नवराही आतच होता. मधेच मान वर करून ती देवाला मोठ्यानं म्हणाली, "आमच्या देवळात पेटी वाजवणारं ह्ये एकटंच हायती. ह्यांना नेलंस तर रविवारी तुझी गाणी कशी व्हायची?"

मला राहवलं नाही. "मावशी, देवाला असा दम देतात का?"

"दम कशाचा? आमच्या बायबलातली जुनी स्तोत्रं बघ. मरणाच्या दारात बसलेल्यांनी देवाला ह्येच इचारलंय, मेलेली माणसं तुझी स्तुती करत्यात व्हय? नुसतं रडून काय हुतंय? त्येला त्येचं नुकसान दाखवायचं."

मग माझे जोडलेले हात सोडवून तिनं तळव्यावर मूठभर शेंगदाणे ठेवले.

आईला गाणं येत नव्हतं. मी दाणे चघळत वर बघितलं आणि म्हणालो, "घरात तुझ्यापुढं दिवा तीच लावते. मी लावणार नाही, आधीच सांगून ठेवतो."