तालमीला कुलूप नसतं

हंबीररावांविषयी बापूसोंना खरं तर फार थोडं ठाऊक होतं. शिवाजी पेठेतल्या त्या धर्मादाय दवाखान्यात दोघांनी कैक वर्षं एकाच किटलीतला चहा घेतला. पण हंबीररावांची बायको केव्हा वारली, घरी परतल्यावर ते काय जेवत, हे बापूसोंनी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. बापूसो पडले भिडस्त. पेठ वडगावच्या दुकानात जन्मभर कापड फाडलं, आणि म्हातारपणी मुलाकडं कोल्हापुरात आल्यावर वेळ जाईना म्हणून ते केसपेपरच्या खिडकीशी बसू लागले. पेशंटनं नाव सांगायचं, यांनी ते संगणकात घालायचं, एवढंच काम. तेही चुकेल की काय या धास्तीनं ते प्रत्येक नाव दोनदा वाचून दाखवत.

हंबीरराव दवाखान्याचे संगणक सांभाळत. एक्स-रेच्या मागं एक अरुंद खोली होती, तिथं मुख्य संगणक दिवसरात्र घरघरत असे. केसपेपर, रक्ततपासणी, औषधं, सगळीकडचे पडदे त्याच्याच जिवावर चालत. तो युनिक्स नावाच्या जुन्या, कडक वळणाच्या व्यवस्थेवर चाले. हंबीरराव त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढत. तरुणपणी तालमीच्या तांबड्या मातीत लोळलेला माणूस. कान मुडपलेले, मान जाड. पण बापूसोंनी त्यांना पाहिलं तेव्हापासून ती मान जरा खालीच असायची.

त्याला कारण होतं फोन. त्या यंत्रात प्रत्येक माणसाची एक वेगळी खोली असे, आणि दुसऱ्याच्या खोलीतलं काही उघडायचं तर परवानगी लागे. पाळी बदलली की रड सुरू. सकाळच्या बाईंनी केलेला रिपोर्ट दुपारच्या बाईंना उघडेना. मग लाव हंबीररावांना फोन. माणूस जेवत असो, दाढी करत असो, मयताला गेलेला असो, खिशात फोन वाजायचाच. ते कुणावर चिडत नसत. नुसतं "बघतो की" म्हणत, आणि ते दोन शब्द दरवर्षी जरा जास्त जड होत चालले होते.

त्या वर्षी मुरगूडला त्यांच्या बहिणीच्या, बाळाबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. हंबीररावांना बहीण आहे हेच बापूसोंना तेव्हा कळलं. मुलगी राजनंदिनी. बाप लहानपणीच गेलेला, शिक्षण मामानं केलेलं. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, ही आपल्याकडची रीत. हंबीररावांनी त्यासाठी नवा फेटा घेतला होता. तो पिशवीतून काढून त्यांनी बापूसोंना दाखवला, तेव्हा त्यांचा चेहरा कधी नव्हे तो हलका दिसला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बापूसो चहा घेऊन त्या खोलीच्या दाराशी गेले. हंबीरराव दोन बोटांनी काहीतरी बडवत होते. म्हणाले, सगळ्यांच्या खोल्या सगळ्यांना मोकळ्या करून टाकल्या. कुणीही कुणाचं उघडावं, कुणीही लिहावं. बापूसोंनी भीत भीत विचारलं, "असं चालतंय व्हय?"

"तालमीला कुलूप असतंय व्हय, बापूसो? कडी काढायची आणि आत जायचं. उद्याचा एक दिवस तेवढा फोन वाजाया नको."

जाण्यापूर्वी त्यांनी दवाखानाभर फिरून प्रत्येक पडदा पाहिला. सगळे चालू होते. पण पडद्यांपुढची माणसं आधीपासूनच यंत्रात आत होती, नव्यानं कुणी आत शिरून पाहिलं नव्हतं.

सकाळी कुणालाच यंत्रात शिरता येईना. केसपेपरची रांग फाटकाबाहेर गेली. रांगेत पुढं उभ्या असलेल्या, डोळे दाखवायला आलेल्या शालूबाई नावाच्या आजी आवाज चढवून म्हणाल्या, "अवं पावणं, माझं डोळं काय तुमच्या डब्यात अडकल्यात व्हय?" लोक हसले, बापूसो घामेजले. हसण्यासारखी गोष्ट नव्हती. ऑपरेशनचे पेशंट उपाशीपोटी पडून होते, त्यांचे रक्ताचे रिपोर्ट यंत्रात होते, आणि ते पाहिल्याशिवाय डॉक्टर पुढं जाईनात. रक्ततपासणीतली आदिती धावत आली. हंबीररावांना फोन लावा म्हणाली. बापूसोंचं मन होईना. तिनंच लावला, आणि मुख्य संगणकाच्या खोलीत थांबायला तुम्हीच बरे म्हणून फोन त्यांच्या हातात देऊन ती परत पळाली.

पलीकडं सनई वाजत होती. हंबीररावांनी आधी वायरी हलवून बघायला सांगितल्या, मग यंत्र बंद करून चालू करायला. काही फरक पडला नाही. मग त्यांनी स्वतः मोबाइलवरून आत शिरून पाहिलं. त्यांनाही दार उघडेना.

"बापूसो, आता तुमीच माझं हात. बसा खुर्चीवर. चपला काढल्यासा न्हवं?"

त्यांनी हळू आवाजात आपला पासवर्ड सांगितला. तो त्या यंत्रासमोर बसूनच चाले, लांबून नाही. बापूसो एकेक अक्षर शोधत दाबू लागले. पडद्यावर यंत्रानं ठेवलेल्या नोंदी भराभरा उमटल्या, त्यातली शेवटची ओळ हंबीररावांनी वाचायला सांगितली. बापूसोंचं इंग्रजी बेताचं. त्यांनी सवयीनं ती दोनदा वाचली. "बॅड ओनरशिप ऑर मोड्स", म्हणजे मालकी किंवा परवानगी ठीक नाही, एवढे शब्द कानावर पडताच पलीकडून एक लांब सुस्कारा आला.

"माझंच काम हाय ते," हंबीरराव म्हणाले.

प्रत्येकाची आत शिरायची चावी त्याच्याच खोलीत ठेवलेली असते. खोलीत कुणीही येऊन फेरफार करू शकतो म्हटल्यावर यंत्र त्या चावीवर विश्वास ठेवत नाही, आणि खऱ्या मालकालाही परत पाठवतं. हंबीरराव हे बापूसोंना सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

तेवढ्यात सनई थांबली. भटजींचा आवाज आला, आणि मग पहिलं मंगलाष्टक. कुणीतरी बाई जवळच "दादा, अरं चल की" म्हणत होती. बापूसोंचा हात थांबला.

"हंबीरराव, तुम्ही जावा. मागनं बघू."

"उपाशी माणसं हाईत, बापूसो. लिवा. सी, एच, एम, ओ, डी. मग जागा सोडा."

खोल्या पुन्हा ज्याच्या त्याला बंद करायचा तो हुकूम बापूसो लिहीत राहिले. एक अक्षर चुकलं, ते पुसलं, पुन्हा घातलं. पलीकडं 'सावधान' झालं, पुढचं मंगलाष्टक सुरू झालं. आडवी रेघ कुठली, उभी कुठली, तिरपी कुठली. नवरा-नवरीच्या अंगावर अक्षता पडत असतील असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते मन बाजूला सारलं. शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर काहीच आलं नाही.

"काहीच न्हाय आलं," ते घाबरून म्हणाले.

"म्हंजे झालं. आदितीला आत जायला सांगा."

आदिती आत गेली. रांग सरकली. शालूबाईंनी आपलं नाव सांगितलं आणि बापूसोंनी ते दोनदा वाचून दाखवलं. फोन केव्हा बंद झाला ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. पण त्याआधी वाजंत्री जोरात वाजू लागली होती, एवढं त्यांना आठवतं.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव कामावर आले, बुंदीचा पुडा घेऊन. लग्न झकास झालं म्हणाले. मोबाइलवर फोटो दाखवला. नवरीच्या मागं एक अनोळखी पोरगेला माणूस उभा होता.

"तिचा चुलतभाऊ हाय," हंबीरराव म्हणाले. "फेटा तेवढा माझा."

बापूसोंनी बुंदी तोंडात टाकली आणि गोड आहे म्हणाले. पुन्हा ज्याची खोली त्याची झाली, आणि फोनही पूर्वीसारखे वाजू लागले.

पुढच्या थंडीत हंबीरराव झोपेतच गेले. बापूसोंना ते दवाखान्यात आल्यावर, चहाच्या वेळी कळलं. आदल्या संध्याकाळी त्या खोलीच्या दाराशी दोघं भेटले होते. हंबीरराव वाकून चपला घालत होते.

"आतला पंखा बंद करू का?" बापूसोंनी विचारलं.

"नको, राहू दे चालू. तापतंय त्ये."

"बरं. या मग."

"येतो की."