मामांचं आख्खं मशीन

वाटेकरी या शब्दाचा माझ्या मामेसासऱ्यांइतका तिटकारा असलेला माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडायचा नाही. मांडवगण फराट्याला त्यांची ऊस-कांद्याची शेती आहे. सख्खा भाऊ नाही, त्यामुळे बांधाचं भांडण नाही, आणि हे ते आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख मानतात. शिरूरला जायचं तर वडापच्या जीपमधली पुढची सीट ते एकट्यासाठी आख्खी धरतात. एकदा यवतच्या हॉटेलात मी सहज म्हणालो, "मामा, एक मिसळ दोघांत घेऊ." मी त्यांच्या सातबाऱ्यावर नाव लावायला निघाल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, भूक नसंल तर खाऊ नका. पर माझ्या ताटात हात नको." घरात त्यांचा तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा, इतकंच काय, वर्तमानपत्रही वेगळं. मामींसाठी त्याच पेपरची दुसरी प्रत येते.

अशा माणसाने आसपासच्या सगळ्या गावांसाठी फुकट वेबसाइट चालवावी याचं मला अजून नवल वाटतं. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. तो दिसला की लोक गावाच्या मोबाइल ग्रुपवर टाकायचे, पण वाढदिवसाच्या केकांखाली ती खबर गाडली जायची. मामा वैतागले आणि दौंडला माझ्या दुकानात आले. मी लोकांना वेबसाइट करून देतो. त्यांना साधी साइट हवी होती : बिबट्या कुठे दिसला आणि कधी, बस. खबर आली की मामा स्वतः फोन लावून खात्री करायचे. "कुत्रं व्हतं का बिबट्या? शेपूट केवढी? आवो, हातानं काय दाखवताय, मी फोनवर हाय!" एवढं झाल्यावरच ती साइटवर चढायची. लोकांचा इतका विश्वास बसला की वैरणीला निघायच्या आधी बायका मोबाइल काढून बघू लागल्या.

त्यांच्या शेजारच्या वस्तीवर सुनंदाताई राहतात. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी शेळ्या आणायला निघताना त्यांनी साइट उघडली. पान नुसतं फिरत राहिलं. काही नसेल असं समजून त्या ओढ्याकडे गेल्या. ओढ्याकाठी बिबट्या दिसल्याची खबर खरं तर दुपारीच चढलेली होती. बिबट्याने त्यांच्या डोळ्यांदेखत शेळी उचलली. त्या उसाच्या ट्रॉलीवर चढून ओरडत राहिल्या, माणसं धावली, म्हणून निभावलं.

सकाळी मामा माझ्या दुकानात हजर. चहाही घेतला नाही. "साइट का उघडली न्हाई?"

मी शोधून ठेवलंच होतं. आपली साइट कंपनीच्या ज्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, भाड्याने ठेवलेली होती, त्याच मशीनवर आणखी शेकडो साइट होत्या. त्यातल्या एका साडीच्या दुकानाने सेल लावला, गिऱ्हाईक तुटून पडलं, मशीन दमलं, आणि त्याच्याबरोबर आपणही बसलो.

"म्हंजी माझा बिबट्या साडीवाल्याच्या दारात अडकला?"

"तसंच समजा."

मामा हळू म्हणाले, "ती बाई माझ्या भरवशावर निघाली व्हती, जावईबापू."

मी मधला मार्ग सुचवला. एकाच मशीनचे कप्पे करतात, त्यातला एक कप्पा आपला, त्यात दुसऱ्याची लुडबुड नाही. मामांनी मान हलवली. "वाटे पाडलेलं नको. आख्खं मिळतंय का?"

"मिळतं. डेडिकेटेड सर्व्हर म्हणतात त्याला. मशीन आपल्या एकट्याचं. पण मग राखणही आपली. त्याची कुलुपं बघायची, साइटची रोज नक्कल काढून दुसरीकडे ठेवायची. मशीन बिघडलं तर कंपनी बदलून देईल, बाकी आपण निस्तरायचं."

"बैल आपला म्हणल्यावर शेण शेजारी काढतो व्हय?"

मशीन घेतलं. ते पुण्याला कंपनीच्याच इमारतीत राहणार होतं. मग ते बघायचंच, म्हणून मामा मला आणि एक नारळ घेऊन पुण्याला निघाले. नारळ दारावरच ठेवून घेतला गेला. आतल्या इंजिनिअर पोराने काचेपलीकडे बोट दाखवलं. सारख्याच काळ्या कपाटांमध्ये सारखेच हिरवे दिवे. "माझं कंचं?" मामांनी त्याला पुन्हा पुन्हा दाखवायला लावलं आणि हात जोडले. मग दबक्या आवाजात विचारलं, "आजूबाजूच्यांचा काय तरास न्हाई ना त्याला?"

"नाही काका. फक्त एसी सगळ्यांना एकच आहे."

परतीच्या वाटेवर कोरेगाव भीमापर्यंत मामा त्या एसीवरच बोलत होते.

पण राखण त्यांनी मनापासून केली. रोज सकाळी मला फोन, "नक्कल ठेवली का?" पुढच्या वेळी बिबट्या दिसला तेव्हा सगळ्या गावांनी एकदमच साइट उघडली आणि ती हूं की चूं न करता चालली. पहिला फोन सुनंदाताईंचा आला, "मामा, उघडली. मी घरातच हाय." मामांनी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला आणि उपरण्याने तोंड पुसलं.

यंदा ऊस तुटला, रानं मोकळी झाली. वनखात्याने एक मादी पिंजऱ्यात धरून नेली. साइटवर बरेच दिवस नवी खबर नाही. परवा मामांचा फोन आला, "बंद पडली का काय?"

"नाही मामा, चालू आहे. कुणाला दिसलाच नाही."

"मग बरं हाय," ते म्हणाले. फोन मात्र ठेवेनात. पलीकडे मोटारीच्या पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "पर रान असं उघडं पडल्यावर गेला कुठं असंल वो त्यो?"