राणी रंगाचा बेसॉल्ट

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी दक्षिण गुजरातेतल्या आमच्या भूशास्त्र विभागात सरळ हिशेब होता. ज्या जोडीचा संशोधन प्रस्ताव सोमवारी मंजूर होईल, तिला विभागाची जीप आणि सुट्टीभर स्वतःच्या विषयावर काम. बाकीच्यांनी तळमजल्यावर बसून जुन्या नमुन्यांना नवी लेबलं चिकटवायची. मला लेबलं आवडतात, याद्याही आवडतात, पण स्वतःच्या दगडांच्या. ती जीप मला हवीच होती.

माझी जोडीदार नवागामची. तिचे वडील पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये रंगमास्तर, घरात अहिराणी. आमच्याकडे बँकेतल्या बदल्यांनी घासून गुळगुळीत झालेली मराठी. शुक्रवार उजाडला तरी आम्हा दोघींकडे विषयच नव्हता.

शनिवारी सकाळी एस.टी.नं निघालो. माझ्या यादीत हातोडी, छिन्नी, होकायंत्र, भिंग, ॲसिडची बाटली, वर्तमानपत्राची रद्दी आणि आईनं उरलेल्या अस्तराच्या शिवलेल्या बारा पिशव्या होत्या. कंडक्टर हातोडीकडे बघून म्हणाला, "बेन, घर बांधवा जाओ छो?" जोडीदार म्हणाली, "नाही, तोडायला." त्यानं तिकिटं फाडून हातात दिली आणि उतरेपर्यंत आमच्याकडे पाहिलंच नाही.

पलसाण्याच्या पुढे, हमरस्त्यापासून आत, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या वाटेवर एक बंद खाण होती. काळा बेसॉल्ट, त्याला बारीक भेगा, जागोजागी पोकळ्या. अशा पोकळ्यांत पांढरी, फिकट हिरवी खनिजं सापडतात हे आम्हाला तोंडपाठ होतं. दुपारी बारा वाजता जोडीदारानं एक धोंडा फोडला आणि जमिनीवरच बसली. पोकळीत गुलाबी भुकटी होती. फिकट नाही, लग्नातल्या शालूसारखी ठसठशीत गुलाबी.

मी यादीप्रमाणे गेले. चाकूनं खरवडलं, मऊ. ॲसिडचा थेंब टाकला, फसफसलं नाही. भिंगातून पाहिलं, नुसती गुलाबी धूळ. पुस्तकात असं काही आठवेना. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग उसाच्या वाटेवर, भर उन्हात, फुगडी घातली. ट्रॅक्टरवरचा माणूस थांबून बघत होता, त्याला हात हलवला. एकच काम केलं नाही, दगड धुतला नाही. बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं, ते आम्ही प्यायलो. शिवाय यादीत मीच लिहिलं होतं, "नमुने कोरडे ठेवणे."

रविवारी तिच्या घरी पत्र्याच्या पेटीवर कागद पसरून प्रस्ताव लिहिला. शेजारच्या खोलीत यंत्रमाग चालू, त्याच्या तालावर मी सुवाच्य अक्षरात लिहीत होते: "दक्षिण गुजरातच्या बेसॉल्टमधील एका अज्ञात गुलाबी खनिजाचा अभ्यास." अज्ञात हा शब्द तर मी दोनदा गिरवला. उद्देश, पद्धत, वेळापत्रक, सहा पानं. जोडीदार खनिजाला नाव काय द्यायचं यावर अडून बसली होती. तिच्या मते तिच्या आईचं, माझ्या मते माझ्या आईचं, कारण पिशव्या तिनं शिवल्या होत्या.

दुपारी तिचे वडील पाळी संपवून आले. पेटीवरचा दगड उचलून खिडकीशी नेला, जिभेचं टोक लावलं.

"हाऊ कोठे सापडना तुमले?"

"खाणीत, आप्पा. नवीन खनिज आहे."

"नवीन? पोरी, हाऊ ते आमना राणी कलर शे."

मी अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "काका, तो खडकाच्या आतून निघालाय."

त्यांनी वाद घातला नाही. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दगड त्यात सोडला. पाणी दहा सेकंदांत लग्नमंडपासारखं झालं. जोडीदार आधी हसली की मी, ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच की तिची आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं कुणीतरी रडतंय.

हसू ओसरल्यावर लक्षात आलं की रविवारचे तीन वाजलेत आणि आमच्याकडे पुन्हा विषय नाही. मी नवी यादी करायला पेन उचललं, पहिल्याच ओळीवर अडकले. काका मात्र पेल्याकडे बघत म्हणाले, "पन हाऊ तठे पोचना कसा? ती खाण ते आमना रंगना पानीना नालापाईन लांब शे."

आम्ही दोघींनी पेल्यातल्या दगडाच्या भेगांकडे पाहिलं. रंग नाल्यातून नाही, तर जमिनीखालच्या भेगांतून गेला असणार. म्हणजे भेगा कुठून कुठे जोडलेल्या आहेत ते रंगच सांगत होता. काकांनी कुठल्या महिन्यात कुठला रंग निघतो ते बोटांवर सांगितलं, मी लिहून घेतलं. शीर्षक बदललं: "बेसॉल्टमधील भेगांतून पाण्याचा प्रवास: रंगाच्या खुणांवरून." अज्ञात शब्द खोडताना जरा वाईट वाटलं. बाकी सहाही पानं नव्यानं लिहिली.

सोमवारी सरांनी प्रस्ताव उभ्या उभ्या वाचला. शेवटच्या पानावर "तज्ज्ञांचा सल्ला" या रकान्यात आम्ही लिहिलं होतं, रंगमास्तर, वीस वर्षांचा अनुभव.

"हे कुठल्या विद्यापीठाचे?"

"नवागामचे," जोडीदार म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि सही केली. वर विचारलं, पहिल्या दिवशी रंगमास्तरांना सुट्टी मिळेल का, जीपमध्ये एक जागा आहे.